पहिला मासा चुकून लागतो



ऑक्टोबरमध्ये दोन आठवडे चॅनेलवर नवीन व्हिडिओ आला नाही. कुणी विचारलं, सर तब्येत बरी आहे ना? कुणी विचारलं, बॅच बंद केली का? खरं उत्तर सांगतो. मी मासे धरायला गेलो होतो. हिमाचलमध्ये, कुल्लू जिल्ह्यात, तीर्थन नावाच्या नदीवर. तेही आपल्या साध्या गळाने नाही, फ्लाय फिशिंग नावाच्या प्रकाराने. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत मला तो अजिबात येत नव्हता, आणि आता "थोडासा येतो" म्हणतानाही जीभ अडखळते.

बायको म्हणाली, "अहो, बाजारात सुरमई मिळत नाही का, एवढ्या लांब जायला?" त्यात धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा असतो हे कळल्यावर तिने हातच जोडले.

पण त्या चार दिवसांत मला माझ्याच धंद्याबद्दल, म्हणजे ट्रेनिंगच्या धंद्याबद्दल, एक गोष्ट कळली आणि ती मला आवडली नाही. म्हणून हे लिहितोय. गेली अकरा वर्षं मी स्टेजवरून आणि कॅमेऱ्यासमोर सांगत आलो, "आधी कॉन्फिडन्स आणा, बाकी सगळं मागून येतं." हे वाक्य मी आज मागे घेतोय. नवशिक्याकडे आत्मविश्वास आधी नसतोच. असलाच तर तो उसना असतो. आणि माझं पुढचं म्हणणं तर याहून कडू आहे. पहिलं यश मिळालं म्हणून जो आत्मविश्वास येतो, तो अजिबात नसण्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

हे समजायला आधी हा प्रकार काय आहे ते कळलं पाहिजे. आपल्याकडे गळ टाकतात तेव्हा दोरीला शिशाचं वजन असतं, गांडूळ नाहीतर कणकेची गोळी असते. ते वजन फेकलं की दोरी त्याच्या मागोमाग जाते. फ्लाय फिशिंगमध्ये नेमकं उलटं. टोकाला जी "माशी" असते, ती म्हणजे बारीकशा गळावर दोरा, पिसं, केस गुंडाळून केलेला खोटा किडा. वजन जवळजवळ काहीच नाही. कबुतराचं पीस लांब फेकून बघा, जमतंय का! म्हणून इथे वजन दोरीतच असतं. जाडसर, प्लॅस्टिकचं आवरण असलेली लाइन. तिच्या पुढे नऊएक फुटांचा, निमुळता होत गेलेला लीडर. त्याच्या पुढे केसासारखा बारीक टिपेट आणि टिपेटला गाठ मारून बांधलेली माशी. तुम्ही फेकता ती लाइन. माशी बिचारी नुसती पाठोपाठ जाते.

फेकायचं कसं, तर रॉड मागे न्यायचा, थांबायचं, मागे लाइन हवेत सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे. ऐकायला सोपं आहे. माझ्यासारख्या माणसाला त्यातलं "थांबायचं" हेच जमत नाही.

आणि मासा कोण? ट्राउट. हा मूळचा आपल्या देशातला नाहीच. ब्राऊन ट्राउटची अंडी इंग्लंडहून काश्मीरला पहिल्यांदा पाठवली १८९९ मध्ये. सगळी वाटेतच मेली. पुढच्या वर्षी पुन्हा मागवली, स्कॉटलंडहून, ती जगली. हा उद्योग अंगावर घेणारा माणूस कोण होता माहीत आहे? फ्रँक मिचेल, श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवणारा. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखा धंदेवालाच. काश्मीरमधून १९०९ च्या सुमारास ट्राउट कुल्लूकडे आला. थंड, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी हीच त्याची अट. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास व्हायला लागतो. म्हणून आपल्या गोदावरी-भीमेत तो कधी दिसणार नाही. तीर्थनचं पाणी मात्र ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या डोंगरांतून येतं. ऑक्टोबरमध्ये पाऊस संपलेला असतो, पाणी काचेसारखं असतं, आणि एक नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी लागते. ते ट्राउटचे अंडी घालायचे दिवस. मी त्या बंदीच्या जेमतेम दोन आठवडे आधी पोचलो. मत्स्य विभागाचा परवाना आमच्या होमस्टेवाल्याने काढून ठेवला होता.

शिकवणारा मुलगा पंचविशीतला, तिथलाच. मी पहिल्या दिवशी त्याला "भैया" म्हणत होतो, तिसऱ्या दिवसापासून "उस्ताद" म्हणायला लागलो. त्याचं नाव लिहीत नाही, त्याने नको सांगितलंय.

पहिल्या दिवशी त्याने मला नदीवर नेलंच नाही. सफरचंदाच्या बागेशेजारी गवताचा तुकडा होता, तिथे उभं केलं. माशीच्या जागी लोकरीचा लाल तुकडा बांधला. घड्याळ डोळ्यांसमोर आण म्हणाला. पुढे दहाचा काटा, मागे एकचा. त्याच्या पलीकडे रॉड जायला नको. मनगट वळायला लागलं तर शर्टाच्या बाहीत रॉडचा बुंधा खोचून टाकला. अडीच तास मी गवतात लोकर फेकत होतो. शेजारच्या बागेतल्या दोन बायका काम थांबवून बघत होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी माणूस कोण, तर शेकडो लोकांसमोर माइक घेऊन बोलणारा! सांगतो तुम्हाला, घाम फुटला होता.

मधूनच चाबकासारखा फटकारा ऐकू यायचा. उस्ताद म्हणायचा, "जल्दी की।" लाइन मागे पूर्ण सरळ व्हायच्या आत पुढे ओढली की असा आवाज येतो, आणि खरी माशी असती तर तिथल्या तिथे तुटून गेली असती. लक्षात घ्या, चूक झाली हे सांगायला तिथे माणसाची गरज नव्हती. आवाजच सांगत होता. मला फक्त तो ऐकायला शिकायचं होतं.

होमस्टेमध्ये दिल्लीकडचे एक गृहस्थ उतरले होते. नवशिकेच, पण सगळं सामान परदेशी. रॉड, रीळ, वेडर, खिशाखिशांचं जाकीट. त्यांच्या रॉडची किंमत त्यांनी मला दोनदा सांगितली, मी विचारली नसताना. मी उस्तादचाच जुना रॉड वापरत होतो, नऊ फुटी, पाच नंबरच्या लाइनचा. सुरुवातीला एवढं पुरतं. ते सद्गृहस्थ वाईट नव्हते हो, पण दर वेळी माशी झाडात अडकली की ते लीडर बदलायचे. मला आमच्या पहिल्या बॅचमधले लोक आठवले. गिऱ्हाईक एक नाही आणि केबिनला काच कुठली लावायची यावर तीन आठवडे चर्चा. सामानाने धीर येतो, हे खरं आहे. पण तो सामानाचा धीर असतो, तुमचा नव्हे. पहिली तीन-चार वेळ भाड्याच्या नाहीतर उधारीच्या रॉडवर काढा. कुठला घ्यायचा हे त्यानंतर कळतं.

दुसऱ्या दिवशी नदी.

नदीत पाय ठेवायच्या आधी उस्तादने जे सांगितलं ते आधी लिहितो, कारण तिथे जीवाचा प्रश्न आहे. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. दगड शेवाळलेले असतात, पाऊल उचलून टाकायचं नाही, सरकवायचं. हातात काठी. पाण्याचा आवाज बदलला, रंग गढूळ झाला तर विचार न करता काठावर. तीर्थन खाली लारजीला बियासला मिळते. त्याच लारजीच्या धरणातून सोडलेल्या पाण्यात जून २०१४ मध्ये हैदराबादचे चोवीस इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वाहून गेले. खाली थलौटजवळ नदीत उतरून फोटो काढत होते पोरं. तिथून जाताना गाडीतले सगळे गप्प झाले होते. पाण्यासमोर कॉन्फिडन्स दाखवू नये. ज्याला ही भीती वाटते, तोच या नदीवर शिकायला लायक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर दुसरा दिवस. ट्राउट नेहमी प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण खाणं वरून वाहत येतं. म्हणून आपण त्याच्या मागून, म्हणजे नदीच्या खालच्या अंगाने वर सरकायचं. त्याला फुकट ताकद खर्च करायची नसते. त्यामुळे तो मोठ्या दगडाच्या आडोशाला, नाहीतर वेगवान आणि संथ पाण्याच्या सीमेवर थांबतो. संथ पाण्यात उभं राहायचं आणि शेजारून धावणाऱ्या पाण्यातलं खाणं उचलायचं. चहाची टपरी एस. टी. स्टँडच्या फाटकाला असते, डेपोच्या मध्यभागी नसते. तसंच हे.

हे सगळं उस्तादने समजावलं, मी मान डोलावली, आणि काहीही न कळता लाइन फेकत राहिलो. सकाळी साडेदहाच्या सुमारास चष्म्यावर पाणी उडालं म्हणून मी रॉड काखेत धरला आणि चष्मा पुसायला लागलो. माझी माशी कुठेतरी खालच्या अंगाला प्रवाहात लोंबकळत होती. तेवढ्यात रॉडला हिसका बसला. पुढचा एक मिनिट काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी ओरडत होतो. उस्ताद पळत आला, जाळी खाली घातली आणि मासा आत!

वीतभराहून थोडा मोठा. तांबूस सोनेरी अंग, त्यावर काळे ठिपके, मधूनमधून लाल ठिपके आणि त्या लाल ठिपक्यांभोवती फिकट कडं. एवढी देखणी वस्तू मी फार कमी वेळा हातात धरली आहे. हात आधी पाण्यात ओले करायचे असतात, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग होतो. फोटो काढला, गळाला काटेरी अडक नव्हती म्हणून तो सहज निघाला. मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरला, त्याने शेपटी हलवली आणि गेला.

फोटो स्टेटसला टाकला. जेवणापर्यंत दीडेकशे लोकांनी बघितला. "सर, तुम्ही काहीही करू शकता!" असे मेसेज. आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटायला लागलं. दुपारी मी उस्तादला म्हटलं, तू बस, मी बघतो. त्याच दगडावर, त्याच जागी, तीन तास उभा राहिलो. एकही मासा नाही. पाच माश्या झाडांत गेल्या. शेवटी शेवटी मी रागाने लाइन आपटत होतो. जितका राग, तितका चाबकाचा आवाज. संध्याकाळी मी म्हटलं, सकाळी तर जमलं होतं, आता काय झालं?

उस्ताद रीळ पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "सर जी, वो मछली आपकी गलती से आई थी।"

त्या रात्री मला झोप लागली नाही. माशामुळे नाही. मला आमच्या जुन्या बॅचमधला एक मुलगा आठवत राहिला.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याने मिसळ आणि थालीपिठाचं छोटं हॉटेल टाकलं. हाताला चव होती, कष्टाळू होता. पहिल्याच आठवड्यात गर्दी. महिन्याभरात बाहेर रांग. त्याचा फोन आला, "सर, शेजारचा गाळा मिळतोय, घेऊ का? डिपॉझिट मोठं आहे." मी काय विचारायला हवं होतं? एवढी माणसं का येतात, एवढंच. ते मी विचारलं नाही. मी म्हणालो, "बघ, मी म्हटलं होतं ना! कॉन्फिडन्स ठेव, मोठा विचार कर." इतकंच नाही, त्याचा फोटो मी पुढच्या सेमिनारच्या स्लाइडवर टाकला.

माणसं का येत होती ते नंतर कळलं. पलीकडच्या मोठ्या रस्त्याचं काँक्रीटचं काम चालू होतं. सगळी वाहतूक त्याच्या दारावरून वळवली होती. अडीच महिन्यांनी रस्ता खुला झाला आणि रांग गेली. मिसळ तीच, चव तीच, हात तेच. त्याला वाटलं आपलंच काहीतरी बिघडलं. मग रस्सा बदलला, दर कमी केले, मग जाहिरात केली. अकराव्या महिन्यात दोन्ही गाळे सोडले. आईच्या पाटल्या गहाण होत्या. त्याने मला कधी दोष दिला नाही, आणि तेच जास्त लागतं.

त्याचा पहिला मासा चुकून लागला होता. तो चुकून लागला हे त्याला दिसलं नाही यात त्याचा दोष नाही, तो नवशिका होता. मी बाजूला जाळी घेऊन उभा होतो आणि मी टाळ्या वाजवल्या. उस्तादने मला एका वाक्यात जे सांगितलं, ते मी त्या मुलाला सांगितलं असतं तर शेजारचा गाळा त्याने घेतला नसता.

आता काही जण म्हणतील, सर, मग पहिल्या यशाचा आनंद पण घ्यायचा नाही का? घ्या ना. मी ओरडलो होतो, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण आनंद वेगळा आणि पुरावा वेगळा. दुसरे म्हणतील, ट्रेनरनेच धीर दिला नाही तर माणूस सुरुवातच करणार नाही. हे मात्र विचार करण्यासारखं आहे. मी स्वतः गवतात अडीच तास टिकलो ते कशाच्या जोरावर? उस्तादने मला एकदाही "तुम्ही करू शकता" म्हटलं नव्हतं. तो एवढंच म्हणायचा, "ये वाली ठीक थी।" दहातली एखादी. पण ती खरंच ठीक असायची. वाक्य छोटं, पण त्यात भेसळ नव्हती, म्हणून मला त्यावर उभं राहता आलं. लोकांना धीर द्या, जरूर द्या. खोटं माप वापरून देऊ नका.

तिसऱ्या दिवशी उस्तादने पद्धतच बदलली. म्हणाला, आज मासा धरायचा नाही. आज दहा कास्ट करायचे आणि थांबून मला सांगायचं. माशी कुठे पडली? तिथेच टाकायची होती का? पडल्यावर कशी वाहिली? बस. मी वैतागलो. पण परवान्याचे पैसे भरले होते, पर्याय नव्हता.

पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत मला काहीच सांगता आलं नाही. "पडली तिकडे कुठेतरी." मग हळूहळू दिसायला लागलं. पाण्यावर फेसाचे बुडबुडे वाहत असतात, ते म्हणजे पाण्याचा खरा वेग. माशी त्यांच्याच चालीने वाहिली तर ती किडा दिसते. आता होतं काय, माझी लाइन मधल्या वेगवान धारेवर पडलेली असते. ती धार लाइनला खेचते, लाइन माशीला खेचते, आणि माशी बुडबुड्यांना मागे टाकून पळायला लागते. याला ड्रॅग म्हणतात. कुठलाही खरा किडा असा पळत नाही. ट्राउट हे ओळखतो आणि तोंड फिरवतो. आदल्या दुपारचे माझे तीन तास असेच गेले होते. मी रागावलो होतो माशावर, आणि माशी प्रत्येक वेळी पळत होती. मला ते दिसतच नव्हतं!

त्यावर उपाय आहे. लाइन पाण्यावर पडली की रॉडच्या टोकाने हलकेच एक कमान काढून तिला प्रवाहाच्या वरच्या बाजूला उलटवायचं. त्यामुळे माशीला तीन-चार सेकंद मोकळे मिळतात. तेवढे बास. फार लांब फेकायचा हव्यासही सोडावा लागतो. नवशिक्याला वाटतं पलीकडच्या काठाशीच मोठे मासे आहेत. पलीकडच्या काठावरचा नवशिका याच काठाकडे फेकत असतो! तीर्थनसारख्या नदीत वीस-पंचवीस फुटांत भरपूर काम असतं. जितकी लांब लाइन, तितक्या जास्त धारा तिला खेचणार. मी तर म्हणेन, पहिल्या वर्षी वीस फुटांच्या पुढे बघूच नका. तुमच्या गल्लीतली चाळीस घरं तुम्हाला नीट माहीत नाहीत आणि ऑनलाइन अख्ख्या महाराष्ट्राला लोणचं विकायचंय, ते हेच.

दुपारी एकदा सगळं जुळलं. माशी दगडाच्या आडोशाला पडली, बुडबुड्यांबरोबर वाहिली, आणि एक तोंड वर आलं. मी रॉड उचलला. वजन लागलं. दोन सेकंद, तीन सेकंद, आणि लाइन मोकळी. गेला.

आदल्या दिवशीचा मी असतो तर नशिबाला शिव्या दिल्या असत्या. उस्तादने टिपेटचं टोक हातात घेतलं आणि मला दाखवलं. टोक डुकराच्या शेपटीसारखं पिळवटलेलं होतं. "टूटा नहीं, खुल गया।" तुटलं असतं तर टोक सरळ असतं. पीळ दिसला म्हणजे गाठ घसरली. गाठ आवळायच्या आधी थुंकी लावून ओली करायची असते, कोरडी आवळली की ती नीट बसत नाही. मी घाईत कोरडीच आवळली होती.

मासा गेला होता. फोटो नव्हता, स्टेटस नव्हतं. तरी त्या क्षणी मला जे वाटलं ते पहिला मासा हातात असताना वाटलं नव्हतं. मला कळलं होतं की मी कुठपर्यंत बरोबर होतो आणि नेमका कुठे चुकलो. जागा बरोबर, कास्ट बरोबर, वाहणं बरोबर, उचलणं बरोबर, गाठ चूक. पाचातल्या चार. पाचवी आज रात्री सुधारता येते. रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी वीस गाठी मारल्या, होमस्टेवाल्याची आई "ये क्या कर रहे हो" म्हणून बघत होती. वीसातल्या सतरा टिकल्या. आत्मविश्वास म्हणतात तो मला तिथे, त्या टेबलावर, पहिल्यांदा भेटला. छातीत हवा भरल्यासारखं काही वाटलं नाही. एक हिशेब जुळला, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं असं. नवशिक्याच्या आत्मविश्वासाचं माप मासे किती लागले यात नाही. न लागलेला मासा का लागला नाही हे त्याला सांगता येतं का, यात आहे. लागलेला का लागला हे सांगता आलं तर फारच उत्तम, ते जास्त अवघड आहे. पहिल्या दिवशी मला यातलं काहीच सांगता येत नव्हतं, तरी मी स्टेटस टाकून मोकळा.

चौथ्या दिवशी सकाळी मी एकटा उभा राहिलो. उस्ताद पन्नासएक पावलांवर दगडावर बसून बिस्किट खात होता. चार तास. चार जागा. मासा एकही नाही. पण चारही जागांबद्दल मी त्याला सांगितलं. पहिल्या जागी माझी सावली पाण्यावर पडली, मासा पळताना मी पाहिला. दुसऱ्या जागी माशी वर वर वाहत होती आणि मासे तळाशी खात असावेत, वर एकही तोंड दिसलं नाही. तिथे वजनाची, बुडणारी निम्फ बांधायला हवी होती. तिसऱ्या जागी ड्रॅग, दोनदा उलटवूनही गेला नाही, मी उभा होतो तीच जागा चुकीची होती. चौथ्या जागी सगळं बरोबर केलं, मासा घाबरला असावा.

उस्तादने सगळं ऐकून घेतलं. पहिल्या तिन्हींना मान डोलावली. चौथ्यावर म्हणाला, "वहाँ मछली थी ही नहीं, सर जी।" आणि हसला. तिथे पाणी फार उथळ होतं, दिवसाउजेडी ट्राउट तिथे थांबत नाही. म्हणजे तीन बरोबर, एक चूक. मला राग आला नाही. एकही मासा न धरता मी त्या नदीवरून ताठ मानेने परत आलो, यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

घरी आल्यावर दोन कामं केली. त्या मुलाचा फोटो स्लाइडवरून काढला. खरं तर हॉटेल बंद झालं त्याच दिवशी काढायला हवा होता. मग त्याला फोन केला. तो आता एका कँटीनमध्ये सुपरवायझर आहे. मी रस्त्याच्या कामाचं सगळं बोललो, माझं चुकलं तेही बोललो. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, तेव्हा रोजचा गल्ला मी एका वहीत लिहीत होतो. वही अजून आहे माझ्याकडे. पण काय बघायचं त्यात ते माहीत नव्हतं."

पुढच्या रविवारी तो वही घेऊन येतोय. रस्ता खुला झाल्यानंतरचे जे साडेआठ महिने आहेत ना, गर्दी गेल्यानंतरचे, ते आम्ही पानापानाने बघणार आहोत. त्या दिवसांत जे गिऱ्हाईक वाट वाकडी करून त्याच्याकडे येत होतं, ते किती होतं आणि कशासाठी येत होतं, एवढंच शोधायचंय. त्याची परवानगी असेल तर त्यावर व्हिडिओ करीन. नसेल तर नाही.

आणि हो, गवतात लोकर फेकायची प्रॅक्टिस मी अजून सोडलेली नाही. सकाळी सहाला, सोसायटीच्या मागच्या मैदानात. वॉचमनला वाटतं मी पतंग उडवतोय.